घरगुती विद्युत उपकरणे : बिघाड कसा शोधावा आणि दुरुस्ती कधी पुरी झाली म्हणावी



इस्त्री तापेनाशी झाली, पंखा नुसताच घुमू लागला किंवा मिक्सरमधून जळका वास आला, की आपण ती वस्तू पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात नेतो. संध्याकाळी परत आणतो, बोर्डाला लावतो आणि ती तापली किंवा फिरली की पैसे वसूल झाले असे समजतो. आमचे म्हणणे असे की, फसगत होते ती नेमकी येथेच. वस्तू ‘चालू’ होणे आणि वस्तू ‘दुरुस्त’ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्थची तार कापून टाकलेली इस्त्री अगदी छान तापते. थर्मोस्टॅट ‘डायरेक्ट’ करून दिलेला गीझर पहिल्यापेक्षाही झटपट पाणी तापवतो. त्यातला धोका कोणाला दिसत नाही. एखाद्या दिवशी ओल्या फरशीवर उभे राहून कोणी त्या वस्तूला हात लावतो, तेव्हा तो कळतो.

प्रस्तुत लेखात इस्त्री, पंखा आणि मिक्सर ही जवळजवळ प्रत्येक घरात असणारी उपकरणे घेऊन बिघाड शोधण्याची रीत आम्ही सांगणार आहोत. त्यासाठी दहावीपर्यंत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे. साहित्य म्हणाल तर एक टेस्टर, एक साधा मल्टीमीटर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि घरी करता येणारा एक सिरीज बोर्ड.

आरंभी एक सक्त नियम. वस्तू उघडण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन बोर्डातून बाहेर काढावी आणि ती आपल्या डोळ्यांसमोर ठेवावी. कित्येक घरांत बोर्डाची जोडणी उलटी असते, म्हणजे बटणातून फेजऐवजी न्यूट्रल गेलेला असतो. अशा ठिकाणी बटण बंद, वस्तूही बंद, पण वस्तूच्या आत पूर्ण २३० व्होल्ट हजर असतात. हे तपासणे सोपे आहे. तीन पिनच्या सॉकेटकडे समोरून पाहिले आणि अर्थचे मोठे भोक वरच्या बाजूला असले, तर फेज उजव्या हाताला असावयास हवा. बटण चालू असताना टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे, डाव्या भोकात नाही. बटण बंद केल्यावर तो कोणत्याच भोकात पेटता कामा नये. पेटला तर आधी वायरमनला बोलवावे, इस्त्रीचे मागाहून पाहता येईल.

बिघाड मुळात किती प्रकारचे?

वरून पाहता तक्रारी शंभर प्रकारच्या असतात, पण विजेपुरते बोलायचे तर मुळाशी चारच गोष्टी सापडतात. विजेची वाट कोठेतरी तुटलेली असते. तेव्हा वस्तू मुकाट असते, आवाज नाही, वास नाही, फ्यूजही शाबूत. दुसऱ्या प्रकारात फेज आणि न्यूट्रल मध्येच एकमेकांना भेटतात, त्याला आपण शॉर्ट म्हणतो. बटण दाबताक्षणी फ्यूज उडतो किंवा एम.सी.बी. खाली पडतो. तिसऱ्या प्रकारात वीज वस्तूच्या लोखंडी अंगात उतरते, म्हणजे ‘बॉडीला करंट येतो’. चौथा प्रकार सैल सांध्याचा. वस्तू कधी चालते, कधी बंद पडते, पिन गरम लागते, बोर्ड पिवळा पडतो.

चौथ्या प्रकाराकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो. १००० वॅटच्या इस्त्रीतून साधारण सव्वाचार ॲम्पियर वीज वाहते. पिनमधला एक स्क्रू सैल झाला आणि त्या सांध्यात अवघा १ ओहम रोध आला, तर तेथे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे १८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओवाल्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे आपल्या बोर्डात, प्लास्टिकच्या मधोमध, आपण जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न लावून ठेवले आहे. बोर्ड जळाला की ‘व्होल्टेज वाढले असेल’ असे सर्वजण म्हणतात. बहुतेक वेळा दोष एका सैल स्क्रूचा असतो.

सिरीज बोर्ड

जुने कारागीर मल्टीमीटर नसताना ज्याच्यावर भागवीत, तो हा बोर्ड. लाकडी फळीवर एक बल्बचा होल्डर आणि एक सॉकेट बसवावे. फेजची तार आधी बल्बमधून आणि मग सॉकेटमध्ये न्यावी, म्हणजे सॉकेटला लावलेल्या वस्तूतून जाणारी सर्व वीज बल्बमधूनच जाईल. बल्ब तारेचा, ६० किंवा १०० वॅटचा घ्यावा. एल.ई.डी. दिवा येथे कामाचा नाही. वस्तूत शॉर्ट असला तरी बल्ब पेटण्यापलीकडे काही होत नाही, फ्यूज वाचतो. मात्र बल्ब मध्ये आहे म्हणून शॉक बसत नाही असे कोणी समजू नये. उघड्या तारेला हात लागला तर शॉक तेवढाच बसतो.

बल्ब मुळीच पेटला नाही तर वाट तुटली आहे. पूर्ण पेटला तर शॉर्टचा संशय घ्यावा. मंद पेटला तर मधले वाईंडिंग जिवंत आहे असे समजावे. पण हा तिसरा नियम पंख्यासारख्या थोड्या वॅटच्या वस्तूपुरता आहे, आणि शिकाऊ मुलांचा गोंधळ येथे होतो. १०० वॅटच्या पेटत्या बल्बचा रोध ५२९ ओहम असतो आणि १००० वॅटच्या इस्त्रीचा सुमारे ५३. दोन्ही सिरीजमध्ये लावली तर २३० पैकी २०९ व्होल्ट एकट्या बल्बला मिळतात. म्हणजे इस्त्री उत्तम असतानाही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो आणि मुलगा ‘शॉर्ट आहे’ असे सांगून मोकळा होतो. जास्त वॅटच्या तापणाऱ्या वस्तूंना मल्टीमीटरच लावला पाहिजे.

इस्त्री

इस्त्री उघडण्याआधी ती वापरणाऱ्या व्यक्तीला दोन प्रश्न विचारावेत. बंद पडली कशी, एकाएकी की अधूनमधून? आणि त्याआधी ती खाली पडली होती किंवा तिच्यावर पाणी सांडले होते काय? अर्धा बिघाड या उत्तरांत कळतो. मग त्याच सॉकेटला दुसरी चालू वस्तू लावून पाहावी. बोर्डच बंद आणि इस्त्री खोलून बसलो, असे अनेकांचे होते.

बोर्ड ठीक असेल तर पिन काढून, थर्मोस्टॅटची चकती पूर्ण पुढे फिरवून, पिनच्या दोन लहान टोकांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजावा. किती यावा हे आधी काढून ठेवावे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १००० वॅटला सुमारे ५३ ओहम, ७५० वॅटला सुमारे ७० ओहम. वॅट इस्त्रीच्या पाटीवर छापलेले असतात. आकडा जवळपास आला तर आतील वाट शाबूत आहे. काहीच आले नाही तर मीटर लावलेला ठेवून कॉर्ड हळूहळू वाकवीत जावे, विशेषतः ती इस्त्रीत शिरते त्या मानेजवळ. आमच्या अनुभवात बंद पडलेल्या इस्त्र्यांपैकी पुष्कळ येथेच सापडतात. रोज वाकून वाकून आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, वरचे सुती आवरण मात्र धडधाकट दिसते. तुटलेला भाग वीतभर कापून कॉर्ड पुन्हा जोडली की काम झाले. फार आखूड होत असेल तर नवी घालावी. मध्येच टेप गुंडाळून जोड मात्र देऊ नये. गरम इस्त्रीला तो टेप लागला की काय होते ते सांगावयास नको.

कॉर्ड चांगली निघाली तर झाकण उघडावे. आत प्रथम थर्मोस्टॅट. दोन धातूंची चिकटवलेली एक पट्टी तापली की वाकते आणि संपर्क तोडते, इतकेच त्याचे काम. त्याच्या दोन टोकांत मीटरने शून्याच्या जवळ रोध दाखवावा. संपर्काची टोके काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरने अलगद साफ करावीत. नव्या इस्त्र्यांत थर्मल फ्यूजही असतो. हद्दीबाहेर उष्णता गेली की तो कायमचा तुटतो. शेवटी एलिमेंट, म्हणजे अभ्रकावर गुंडाळलेली किंवा नळीत बसवलेली नायक्रोमची तार. ती तुटली असेल तर एलिमेंट बदलावा. जुन्या तारेला पीळ देऊन जोडणे दोन दिवस टिकते आणि तिसऱ्या दिवशी तेथेच जळते.

येथे ‘डायरेक्ट’ या शब्दाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज गेला, सुटा भाग जवळ नाही, गिऱ्हाईक दारात उभे आहे. तेव्हा कारागीर दोन टोके तारेने जोडून देतो आणि ‘डायरेक्ट केले’ म्हणतो. इस्त्री चालते. पण आता ती थांबणार नाही. दारावर कोणी आले, इस्त्री कपड्यावर राहिली, तर तिला आवरणारे आत काहीही उरलेले नाही. गीझरमध्ये हाच प्रकार केला तर टाकीतले पाणी उकळत राहते आणि वाफेचा दाब चढतो. थर्मल फ्यूज तुटला होता याचा अर्थ त्याने आपले काम केले होते. तो का तुटला हे शोधायचे सोडून त्यालाच बाजूला सारणे ही दुरुस्ती नव्हे. दुकानातून वस्तू परत घेताना ‘कोठे डायरेक्ट तर केले नाही ना?’ एवढा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या सभासदांनी लावून घ्यावी असे आम्हांस वाटते. काढलेला जुना भागही मागून घ्यावा.

जोडणी पूर्ण करताना चिनी मातीचे मणी जागच्या जागी घालावेत, स्क्रू घट्ट करावेत आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची तार इस्त्रीच्या धातूच्या अंगाला पक्की बसवावी.

पंखा

पंखा घुमतो पण फिरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. वीज बंद करून आधी पाती हाताने फिरवून पाहावीत. जड लागली किंवा खरखर आली तर बेअरिंग गेली आहे. सहज फिरत असतील तर वीज लावून, जमिनीवर उभे राहून, लांब लाकडी काठीने पाते हळूच ढकलावे. ज्या बाजूला ढकलले त्या बाजूला पंखा चालू लागला, तर कंडेन्सर गेला असे खुशाल समजावे. या पंख्यात दोन वाईंडिंग असतात आणि कंडेन्सर त्यांतील एकाच्या प्रवाहाची वेळ पुढे सरकवतो. त्या फरकामुळेच मोटारीला दिशा मिळते. कंडेन्सर गेला की मोटारीला कोणीकडे फिरावे हेच कळत नाही. पंखा हळू फिरत असेल तर कंडेन्सर अर्धामुर्धा उतरलेला असू शकतो. अंगावर २.५ मायक्रोफॅरड छापलेले असते आणि मीटर १.५ दाखवतो. मोजण्यापूर्वी, आणि हात लावण्यापूर्वीही, त्याच्या दोन तारा बल्बला टेकवून साठलेली वीज काढून टाकावी.

नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्टचाच घ्यावा. जास्त वारा मिळावा म्हणून मोठा कंडेन्सर घालण्याची युक्ती काही जण सांगतात. वारा थोडा वाढतो, पण वाईंडिंग तापते आणि एका उन्हाळ्याच्या वाऱ्यासाठी रिवाइंडिंगचा खर्च येतो.

पंख्यातून निघालेल्या तीन तारांचे रंग पुसट झाले असतील तर मीटरने ओळखता येतात. तीन जोड्यांचे रोध मोजावेत. समजा १५०, २०० आणि ३५० ओहम आले. ३५० ज्या दोन तारांत आले त्या दोन टोके, उरलेली तिसरी सामाईक. कंडेन्सर त्या दोन टोकांमध्ये लावावा, सामाईक तार आणि एक टोक यांना वीज द्यावी. पंखा उलटा फिरला तर वीज दुसऱ्या टोकाला द्यावी.

पंखा खाली उतरवलाच आहे तर वरचा बोल्ट, रबरी बुश आणि बोल्टमधून आरपार जाणारी दुभंगी पिन पाहूनच पुन्हा चढवावा. पुष्कळ कारागीर जुनी पिन फेकून नुसता नट आवळतात. पंख्याच्या थरथरीने नट सुटत जातो, आणि खाली बहुधा पाळणा किंवा अभ्यासाचे टेबल असते.

अलीकडे रिमोटवर चालणारे, तीसेक वॅट घेणारे बी.एल.डी.सी. पंखे आले आहेत. त्यांत वरील पद्धत लागू नाही. त्यांचा बिघाड बहुतेक इलेक्ट्रॉनिक कार्डात असतो आणि कार्डच बदलावे लागते.

मिक्सर

मिक्सर बंद पडला की प्रथम तो उलटा करून तळाचे छोटे बटण पाहावे. जास्त ताण पडला की ओव्हरलोडचे हे बटण बाहेर येते. दहा मिनिटे थंड होऊ देऊन दाबावे. एवढे न केल्यामुळे चांगले मिक्सर दुकानात गेलेले आहेत. बटण पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर भांड्याचे पाते हाताने फिरते का ते पाहावे. वाटणाचे पाणी खाली झिरपून पात्याचा बुश धरलेला असतो.

बटण ठीक, तरी मोटार मुकी, किंवा ठिणग्या फार, तर कार्बन ब्रश पाहावेत. झिजून ते आखूड झाले की स्प्रिंग त्यांना पुरेसे दाबू शकत नाही. दोन्ही बरोबर बदलावेत. ठिणग्यांचे पूर्ण कडे आर्मेचरभोवती फिरताना दिसले तर मात्र आर्मेचरच गेले आहे. मोटार फिरते पण भांड्यातले पाते फिरत नाही, तेव्हा कपलर झिजला. मोटार ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. खालून शाफ्टच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर धरून ठेवावा.

बॉडीची तपासणी

वस्तू चालू झाली. आता खरी परीक्षा. तिच्या दोन भाग आहेत आणि दोन्ही झाल्याशिवाय वस्तू घरच्यांच्या हातात देऊ नये.

पहिला भाग अर्थचा. पिन बोर्डाबाहेर असताना मल्टीमीटरचे एक टोक पिनच्या मोठ्या दांड्याला आणि दुसरे वस्तूच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावावे. रोध जवळजवळ शून्य आला पाहिजे. मोठा दांडा इतर दोहोंपेक्षा लांब असतो तो उगीच नव्हे. पिन घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून ती योजना आहे. तीन पिन काढून दोन पिन लावणारा ही सर्व योजना रद्द करतो. अपवाद एकच. काही वस्तूंच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्या दुहेरी आवरणाच्या, त्यांना दोन पिन कारखान्यातूनच येतात.

दुसरा भाग लीकेजचा. बहुतेक ठिकाणी सिरीज दिव्याचे एक टोक पिनला, दुसरे बॉडीला लावतात आणि दिवा पेटला नाही की ‘ओके’ म्हणतात. हे अपुरे आहे, आणि का ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. १०० वॅटचा दिवा पूर्ण पेटतो तेव्हा त्यातून सुमारे ४३५ मिलिॲम्पियर वीज वाहते. बॉडीतून ४० मिलिॲम्पियर गळत असेल तर दिव्याची तार लालसुद्धा होत नाही. पण माणसाच्या छातीतून तेवढी वीज काही क्षण गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच घरात बसवावयाच्या आर.सी.सी.बी.ची मर्यादा ३० मिलिॲम्पियर ठेवलेली असते. साधा एम.सी.बी. अनेक ॲम्पियर गेल्याशिवाय हलत नाही, तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवून उपयोग नाही. मल्टीमीटरही येथे फसवतो, कारण तो आपल्या सेलच्या चार-दोन व्होल्टवर रोध मोजतो. ओलसर एलिमेंट चार व्होल्टला चांगला वाटतो आणि २३० व्होल्टला गळतो. खरी तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने होते. पिनचे दोन लहान दांडे एकत्र जोडून ते आणि बॉडी यांमध्ये मोजावे. १ मेगओहमपेक्षा कमी आले तर वस्तू वापरात देऊ नये. पाण्याचा हीटर रॉड आणि गीझर यांच्या बाबतीत तर ही तपासणी कधीच चुकवू नये.

मेगर प्रत्येकाने घेण्याजोगी वस्तू नाही हे खरे. पण आमच्यासारख्या संस्थेने एक घेऊन ठेवला आणि आय.टी.आय.च्या इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडच्या मुलांनी महिन्यातून एका रविवारी वस्तीतील इस्त्र्या, रॉड, गीझर तपासून दिले, तर मुलांचा हात बसेल आणि घरेही निर्धोक होतील. कार्यकारिणीने याचा जरूर विचार करावा.

मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र घरी कधीही उघडू नये. त्यातील कंडेन्सर दोन हजार व्होल्टच्या घरात असतो आणि पिन काढल्यावरही त्यात वीज शिल्लक राहू शकते. जुन्या काचेच्या ट्यूबच्या टी.व्ही.चेही तसेच.

राहता राहिला बोर्डातला अर्थ. वस्तूची अर्थची तार कितीही पक्की असली तरी सॉकेटमागे अर्थ नसेल तर ती कोठेच पोहोचत नाही. मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसावेत. तरीही तुटक्या अर्थवर मीटर कधी कधी खोटा आकडा दाखवतो, म्हणून शेवटचा निर्णय परवानाधारक वायरमनकडून घ्यावा. जुन्या चाळींत अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली आढळते. आता तेच पाइप जागोजागी कापून प्लास्टिकचे बसवले गेले आहेत. अशा घरात इस्त्री गळू लागली तर ती वीज जमिनीत जाऊ शकत नाही, ती त्या तुटक लोखंडी पाइपात थांबते, आणि पाइपाच्या टोकाला शेजारच्या मोरीतला नळ असतो. आपल्या इमारतीत असे बांधलेले कोठे आहे का, हे या आठवड्यातच पाहून घ्यावे.